एका अक्षराच्या गुन्हेगारास

श्रीयुत जॅक-२ व्ही ६१७ एफ यांस,
मुक्काम नववं गुणसूत्र, आखूड बाहू. पोस्ट अस्थिमज्जा.

पत्राच्या सुरुवातीला साष्टांग नमस्कार लिहायची आमच्याकडे रीत आहे. तुझ्यापुरती ती मी मोडते आहे. नमस्कार करावा असं तू काही केलेलं नाहीस, आणि जे केलं आहेस ते चारचौघांत सांगायची वेळ आली आहे. म्हणून हे पत्र पाकिटात न घालता उघडं लिहिते आहे.

आमची बंगळूरची चामराजपेट १८९२ साली वसली. महाराज चामराजेंद्र वडियारांचं नाव, आखीव मेन रोड आणि त्यांना छेदणारे क्रॉस. त्याच १८९२ साली पॅरिसमध्ये लुई-आंरी वाकेझ नावाच्या डॉक्टरांनी एका चाळिशीतल्या माणसाची हकीकत नोंदवली. चेहरा निळसर-लाल, शिरा टरारून फुगलेल्या, चक्कर, धाप, आणि रक्तात तांबड्या पेशींची बेसुमार गर्दी. १९०३ साली विल्यम ऑस्लर यांनी तसेच आणखी रुग्ण पाहून लिहिलं आणि या आजाराला वैद्यकात जागा मिळाली. पॉलिसायथेमिया व्हेरा. म्हणजे आमची पेठ आणि तुझा पराक्रम एकाच वर्षी कागदावर आले. पेठेनं त्यानंतर शाळा दिल्या, कन्नड साहित्य परिषदेला जागा दिली, १९३९ पासून रामनवमीच्या मैफली दिल्या. तुझ्या खात्यावर काय जमा आहे? अर्धांगवायू, हृदयविकाराचे झटके, यकृताच्या तुंबलेल्या शिरा. मोठं कर्तृत्व आहे!

आणि त्यातलं सगळ्यात नामी म्हणजे इतकी वर्षं तुझं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. १९५१ साली विल्यम डेमशेक यांनी ओळखलं की तांबड्या पेशी वाढण्याचा, प्लेटलेट वाढण्याचा आणि मज्जा तंतूंनी भरून जाण्याचा, हे तिन्ही आजार एकमेकांचे भाऊबंद असावेत. पण घरातला चोर कोण ते त्यांनाही सापडलं नाही. तू पकडला गेलास २००५ साली. पॅरिस, केंब्रिज, बाझल आणि बॉस्टन इथल्या चार गटांनी जवळजवळ एकाच वेळी तुझ्या मानगुटीला धरलं. ११३ वर्षं फरार होतास.

गुन्हा किती लहान होता ते सांगते, कारण हा आजार रक्ताच्या कॅन्सरांत मोडतो आणि लोकांना वाटतं की कॅन्सर म्हणजे शरीरात काहीतरी प्रचंड उलथापालथ झालेली असणार. जॅक-२ नावाचं एक जनुक प्रत्येकाकडे असतं. त्यातल्या १८४९ व्या जागी ‘जी’ हे अक्षर असायला हवं, तिथे ‘टी’ आलं. त्यामुळे ११३२ दुव्यांच्या प्रथिनात ६१७ वा दुवा बदलला, व्हॅलिनच्या जागी फिनाइल-ॲलानिन बसलं. एवढंच. या प्रथिनाचं काम निरोप पोचवण्याचं. मूत्रपिंडाला वाटलं की प्राणवायू कमी पडतोय, तर ते एरिथ्रोपोएटिन सोडतं. तो निरोप मज्जेतल्या पेशीच्या दारावर येतो, जॅक-२ आतली बेल वाजवतं आणि तांबड्या पेशी बनायला लागतात. गरज संपली की बेल थांबते, कारण प्रथिनाच्याच एका भागाचा दुसऱ्या भागावर लगाम असतो. ६१७ वी जागा नेमकी त्या लगामात आहे. तू तो लगाम सैल केलास. आता दाराशी कुणी नसलं तरी बेल रात्रंदिवस वाजते. तांबड्या पेशी वाढतात, पांढऱ्या वाढतात, प्लेटलेट वाढतात. पॉलिसायथेमिया व्हेराच्या जवळजवळ ९५ टक्के रुग्णांत तू सापडतोस. प्लेटलेट वाढण्याच्या आजारात आणि मज्जा तंतुमय होण्याच्या आजारात निम्म्याहून थोड्या जास्त लोकांत. बाकीच्यांपैकी बहुतेकांत कालरेटिक्युलिन किंवा एमपीएल या जनुकांतले तुझे जोडीदार काम बघतात.

आता मुख्य आरोप. रक्ताचा कॅन्सर म्हटला की घरचे लोक ल्युकेमिया डोळ्यांपुढे आणतात. केस गळणं, किमो, काचेची खोली. ती भीती खोटी नाही, काही रुग्णांत पुढे तसं वळण लागतं. पण तुझं रोजचं हत्यार वेगळं आहे. युरोपात पॉलिसायथेमियाच्या १६३८ रुग्णांचा पाठपुरावा झाला, त्याचे निष्कर्ष २००५ साली आले. जे दगावले त्यांच्यापैकी सुमारे ४५ टक्के मृत्यू हृदयाशी आणि रक्तवाहिन्यांशी संबंधित होते. सगळे कॅन्सरकडे डोळे लावून बसलेले असताना तू मागच्या दारानं गुठळी पाठवतोस.

गुठळी नुसत्या दाट रक्तानं होते असंही नाही. रक्त दाट झालं की ते सावकाश वाहतं आणि तांबड्या पेशींच्या गर्दीमुळे प्लेटलेट भिंतीकडे ढकलल्या जातात, हे खरंच. पण तू पांढऱ्या पेशींनाही बिथरवून ठेवतोस. त्यातल्या न्यूट्रोफिल पेशी आपल्याच डीएनएचे धागे बाहेर फेकतात आणि त्या जाळ्यात प्लेटलेट अडकतात. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तरही चिकट होतं. म्हणून केवळ प्लेटलेटचा आकडा बघून धोका ठरत नाही. वय ६० च्या वर असणं आणि पूर्वी एकदा गुठळी होऊन गेलेली असणं, या दोन गोष्टी डॉक्टर आधी विचारतात. त्यात बीपी, साखर, सिगारेट आली की तुझी चांदीच.

आणि गुठळीला जागाही तू अशा निवडतोस की कुणाला शंका येऊ नये. पायाच्या शिरेत झाली तर निदान पाय सुजतो, लोक विचारतात. पण यकृतातून बाहेर येणाऱ्या शिरा, आतड्यांकडून यकृताकडे जाणारी शीर, मेंदूतलं रक्त परत नेणाऱ्या शिरा, या एरवी गुठळीच्या वाटेवर नसलेल्या जागा तुला फार आवडतात. यकृताच्या शिरा तुंबण्याचा जो बड-कियारी नावाचा विकार आहे, त्याच्या जवळपास ४० टक्के रुग्णांत तू सापडतोस. आतड्यांकडच्या शिरेतल्या गुठळीत साधारण चौथा हिस्सा तुझा. म्हणून अशी गुठळी दिसली की रक्ताचे आकडे कसेही असले तरी तुझी चाचणी करा, असं आता यकृताचे डॉक्टर सांगतात. आकडे कसेही असले तरी, हे महत्त्वाचं. कारण पाणथरी वाढून पेशी अडवून धरते, पोटात पाणी साचतं, आणि वाढलेलं रक्त कागदावर नॉर्मल दिसतं.

माझ्या मावशीच्या बाबतीत तू हेच केलंस.

आमचं घराणं भावसारांचं. शहाजीराजांच्या हाती बंगळूरची जहागीर आली तेव्हापासून या शहरात मराठी बोललं जातं, आणि आमच्या घरात तर अजून चुलीपाशी मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. मावशी शिवणकाम करते. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश. तिची पहिली तक्रार आंघोळीची होती. गरम पाण्यानं आंघोळ केली की अंगभर खाज सुटायची. पुरळ नाही, चट्टा नाही, नुसती आतून टोचल्यासारखी खाज. ती टॉवेल गुंडाळून न्हाणीघराच्या दारात उभी राहायची आणि दोन्ही दंड ओरबाडायची, आणि अर्ध्या तासानं सगळं निवायचं. साबण बदलला, कडुलिंबाचा पाला पाण्यात घातला, खोबरेल चोळलं, नायट्याचं मलम लावलं. कुणीतरी म्हणालं बोअरचं पाणी आहे, कुणी म्हणालं वय झालं की होतं. पाणी अंगावर पडल्यानंतरची ही खाज पॉलिसायथेमियाच्या जुन्या खुणांपैकी एक आहे, हे आमच्या घरात कुणाला ठाऊक असणार?

मग रात्री तळपाय जळायला लागले. ती पाय फरशीवर टेकवून झोपायची, तळवे लालबुंद. आणि चेहरा? चेहरा असा टवटवीत की आमच्या क्रॉसवरच्या बायका विचारायच्या, अक्का, काय खातेस? लाली बघून कुणी डॉक्टरकडे पाठवत नाही. आमच्याकडे फिकट चेहऱ्याची काळजी करायची सवय आहे, आणि ती योग्यच आहे, कारण या देशात निम्म्याहून जास्त बायकांना रक्त कमी. त्या सवयीच्या आड तू लपलास.

रक्ताचा रिपोर्टही झाला होता, हे मला सगळ्यात जास्त झोंबतं. मावशीनं एका चाचणी केंद्रात सगळ्या तपासण्यांचं पॅकेज केलं होतं. हिमोग्लोबिन १७.३, पीसीव्ही, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा टक्का, ५३. दोन्हींच्या पुढे ठळक अक्षरात ‘एच’ छापलेलं. रिपोर्ट देणारा मुलगा हसून म्हणाला, हिमोग्लोबिन तुंबा चेन्नागिदे अम्मा. फार छान आहे. ज्यांना दाखवला त्यांनीही कागदावरून बोट फिरवलं, साखर बघितली, कोलेस्टेरॉल बघितलं, आणि रक्त भरपूर आहे, काळजी नको, असं सांगून घरी पाठवलं. बाईच्या रक्तात हिमोग्लोबिन १६ च्या वर किंवा पीसीव्ही ४८ च्या वर गेला की तुझा शोध घ्यायचा, हे २०१६ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत आहे. पुरुषांसाठी १६.५ आणि ४९. आकडे तिथे होते. छापलेले होते. तुझ्या नावानं ओरडत होते. ज्या ठिकाणी हे झालं त्याचं नाव मी घेत नाही, कारण पाचपन्नास ठिकाणी हेच होत असणार.

त्यानंतर एका गणपतीत मावशीचं पोट दुखायला लागलं आणि बघता बघता फुगलं. आधी गॅसवर औषध, मग पित्तावर. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पोटावर हात ठेवला, यकृत लागतंय म्हणाल्या आणि डॉप्लर करायला सांगितलं. यकृताच्या शिरा गुठळीनं बंद. त्या वेळच्या रिपोर्टात हिमोग्लोबिन १४ च्या आसपास, प्लेटलेट साडेतीन लाख. अगदी शहाण्या मुलासारखे आकडे. त्या बाईंनी जुना रिपोर्ट मागितला म्हणून ते ‘एच’ पुन्हा उजेडात आलं, आणि तुझी चाचणी झाली.

पॉझिटिव्ह.

पुढचं सगळं झालं ते थोडक्यात सांगते. हेपरिन, मग रक्त पातळ करायच्या गोळ्या, शिरेतून तार घालून अडलेली वाट उघडणं, पोटातलं पाणी काढणं. रक्त किती पातळ झालं ते सांगणारा आयएनआरचा आकडा दोन ते तीनच्या मध्ये ठेवायची कसरत आणि त्यापायी पालक-मेथीचा हिशेब. ती वाचली. सगळे वाचत नाहीत.

रिपोर्टवर जनुकातल्या बदलाचं नाव आल्यावर घरात निराळाच गोंधळ उडाला, आणि त्याचा दोष मी तुझ्याच माथी मारते. मावशीच्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती. नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली की रक्तात दोष आहे, मुलीकडेही जाणार. तर हे सगळ्यांनी ऐकावं: तू आईकडून मुलीकडे जात नाहीस. तू जन्माच्या वेळी सगळ्या शरीरात नसतोस, मज्जेतल्या एका मूळपेशीत घडतोस आणि तिच्या वंशात राहतोस. बीजात नसतोस. काही घराण्यांत हा आजार थोडा जास्त दिसतो हे खरं आहे, पण त्याचा अर्थ मुलांना तो मिळालाच असा होत नाही, आणि ठणठणीत मुलीची चाचणी करून वरपक्षाला दाखवण्याची तर काही गरज नाही.

तू घडतोस कधी, हेही आता कळलं आहे, आणि ते वाचून मी बराच वेळ गप्प बसले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात रुग्णांच्या पेशींची वंशावळ मांडून पाहिली, तेव्हा दिसलं की कित्येकांत ते आईच्या पोटात असताना किंवा लहानपणीच तू शिरलेला होतास, आणि आजार उघड झाला तो काही दशकांनी. म्हणजे मावशी परकर-पोलक्यात या गल्ल्यांतून शाळेला जात होती, तेव्हाही तू कदाचित तिच्या हाडांत बसून होतास. मावशीनं काय खाल्लं, काय नाही, कुठला उपास चुकवला, याचा या सगळ्याशी संबंध नाही. तिला हे समजावून सांगायला फार दिवस लागले. ती अजून मधूनच विचारते, मी काय केलं असेल गं?

डेन्मार्कमध्ये जवळपास २० हजार साध्यासुध्या लोकांचं रक्त तपासलं, तेव्हा तीन टक्क्यांहून थोड्या जास्त लोकांत तू अल्प प्रमाणात सापडलास. बहुतेकांना आजार नव्हता. पण तिथेही तू स्वस्थ बसतोस असं नाही. २०१७ च्या एका अभ्यासात, रक्तात तुझा वंश वाढलेला आहे पण आजार जाहीर झालेला नाही अशा लोकांत, हृदयाच्या धमन्यांच्या विकाराचा धोका सुमारे १२ पट आढळला.

बंगळुरात डेंग्यूचा हंगाम आला की गल्लीतला पोरगाही प्लेटलेट म्हणजे काय ते सांगतो. पपईच्या पानांचा रस, किवी, आणि रोज सकाळी फोनवर आकड्यांची देवाणघेवाण: चाळीस हजार, साठ हजार, हुश्श, एक लाख. सगळं लक्ष आकडा खाली जाण्याकडे. नऊ लाख आला तर पेढे वाटतील. सहा महिन्यांनीही साडेचार लाखांच्या वरच राहिला तर त्याचं काहीतरी कारण असतं, आणि त्या कारणांत कधी कधी तू असतोस, हे त्याच फोनवर सांगायला हवं. तापानं, जखमेनं, लोह कमी पडल्यानंही प्लेटलेट वाढतात, म्हणून घाबरायचं नाही, पण पुन्हा मोजायचं. आणि दहा लाखांच्या वर गेल्या तर तुझा आणखी एक उलटा खेळ सुरू होतो: रक्त थांबवणारं एक प्रथिन इतक्या प्लेटलेट गिळून टाकतात आणि माणसाला रक्तस्राव होतो. गुठळीही तूच, रक्तस्रावही तूच. म्हणून स्वतःच्या मनानं ॲस्पिरिन सुरू करायची नाही.

तुझी मला आणखी एका जागी भीती वाटते. इथल्या निम्हान्स या मेंदूविकारांच्या संस्थेत डॉ. डी. नागराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळंतपणानंतर मेंदूच्या शिरांत होणाऱ्या गुठळ्यांवर दीर्घकाळ काम केलं. आठ-दहा दिवसांची बाळंतीण, डोकं दुखतंय, झटका आला, एक हात लुळा. यांतल्या बहुतेकींचा तुझ्याशी काही संबंध नसतो. बाळंतपणात रक्त गोठण्याकडे झुकतंच, आणि आमच्याकडे बाळंतिणीला पाणी तोलूनमापून देण्याची जी खोड आहे ती त्यात भर घालते. पण एखादीच्या रक्तात तू असतोस, आणि ती एखादी शोधायला हवी. जिला तू आहेस हे आधीच ठाऊक आहे, तिच्यासाठी गरोदरपणात ॲस्पिरिन, हेपरिनची इंजेक्शनं, गरज पडली तर इंटरफेरॉन, असा रस्ता आहे. त्या काळात हायड्रॉक्सियुरिया हे एरवीचं औषध टाळतात. इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्या अशा बायकांनी घ्यायच्या नाहीत, आणि हे औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणणाऱ्या सुनेला सांगायला घरात कुणीतरी असायला हवं.

आता तुला न आवडणाऱ्या गोष्टींकडे येते. तुझ्याविरुद्धची पहिली शस्त्रं महागडी नाहीत. इटलीत ३६५ रुग्णांवर एक साधी तुलना झाली, २०१३ साली ती प्रसिद्ध झाली. एका गटाचा हिमॅटोक्रिट, म्हणजे आपल्या रिपोर्टातला पीसीव्ही, ४५ च्या खाली ठेवला. दुसऱ्याचा ४५ ते ५० मध्ये. हृदयविकारानं मृत्यू किंवा मोठी गुठळी, हे पहिल्या गटात २.७ टक्के लोकांना झालं, दुसऱ्यात ९.८ टक्क्यांना. फरक फक्त त्या काही आकड्यांचा. त्याआधी २००४ साली ५१८ रुग्णांवरच्या अभ्यासात रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिननं झटका, अर्धांगवायू, मोठी गुठळी यांचा एकत्रित धोका निम्म्याहून खाली आणला होता. ज्यांना धोका जास्त त्यांना हायड्रॉक्सियुरिया. तेही जुनं, स्वस्त औषध. त्यापुढे इंटरफेरॉन आहे, रक्सोलिटिनिब आहे. रक्सोलिटिनिब थेट त्या बेलवर हात ठेवतं, आणि इंटरफेरॉननं तर काही रुग्णांत तुझ्या वंशाचं प्रमाणही घटतं. १९६२ सालच्या एका जुन्या पाहणीत, काहीच उपचार न मिळालेले रुग्ण निदानानंतर साधारण दीड वर्ष जगत होते. आज माणसं दशकं काढतात.

मावशी यकृताच्या फेऱ्यातून बाहेर पडली तसा पीसीव्ही पुन्हा ५० च्या पुढे गेला. तेव्हा तो खाली आणण्यासाठी रक्त काढायला मी तिच्याबरोबर गेले होते. खुर्चीत रेलून बसलेली मावशी, दंडाला पट्टा, मुठीत लाल चेंडू. नळीतून रक्त पिशवीत उतरत होतं आणि पिशवी छोट्या काट्यावर मागेपुढे झुलत होती. ३५० मिलिलीटर झाले की काटा वाजतो. सावकाश उतरत होतं ते, गडद, काळपटाकडे झुकलेलं. मावशीनं सिस्टरांना विचारलं, हे कुणा गरजू माणसाला द्याल ना? त्या म्हणाल्या, नाही अम्मा, हे देता येत नाही, टाकून देतो. मावशीचा चेहरा उतरला. आयुष्यभर चिंधीसुद्धा गोधडीसाठी राखून ठेवणारी बाई ती. तिचं रक्त तिच्यासमोर कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत गेलं. त्या एका क्षणासाठी मी तुला कधीच माफ करणार नाही.

आणि घरी आल्यावर काय? एक नातलग प्रेमानं लोहाचं टॉनिक घेऊन हजर. इतकं रक्त काढलंय, भरून यायला नको? डाळिंब, बीट, खजूर, वर टॉनिक. रक्त काढल्यानं लोह कमी होतं आणि त्यामुळेच तांबड्या पेशींचं उत्पादन मंदावतं, हा तर उपचाराचाच भाग. डॉक्टरांना न विचारता टॉनिक पाजणं म्हणजे तुला खाऊ घालणं. खजूर आम्ही खाल्ले. टॉनिकची बाटली परत पाठवली.

आता मावशीला तिचा आकडा तोंडपाठ आहे. रिपोर्ट आला की ती साखरेच्या आधी पीसीव्ही शोधते. ४३ असला तर शिलाईच्या मशीनवर बसते, ४६ असला तर मला फोन करते. पंढरपूरला गाडीनं जाताना दर दोन तासांनी ड्रायव्हरला थांबवून चार पावलं चालते, पाण्याची बाटली संपवते. दात काढायचा होता तेव्हा तिनं दंतवैद्याला आधी तुझं नाव सांगितलं, नीट, अक्षर-आकड्यांसकट. त्यांनी तिच्या रक्ताच्या डॉक्टरांशी बोलूनच हात लावला. शस्त्रक्रिया असो, प्लास्टर असो, महिनाभर अंथरुणावर पडणं असो, अशा वेळी तू डोकं वर काढतोस हे तिला आता पुरतं ठाऊक झालं आहे.

आंघोळीनंतरची खाज मात्र अजून पूर्ण गेलेली नाही. पाणी कोमट घेते आणि अंग टिपून घेते, चोळत नाही. तेवढं तुझं अजून चालतं.

या पत्राची प्रत आमच्या भागातल्या चाचणी केंद्रांना आणि दवाखान्यांना नेऊन देणार आहे. रिपोर्टवर ‘एच’ छापताच, तर तो हातात देताना एक वाक्य बोला: हा आकडा जास्त आहे, पुन्हा तपासा, आणि पुन्हा जास्तच आला तर रक्ताच्या डॉक्टरांना दाखवा. चामराजपेटेतून व्हिक्टोरिया हॉस्पिटल चालत गाठता येतं, किडवाई कॅन्सर हॉस्पिटल आणि निम्हान्स ऑटोनं. डॉक्टर लांब नाहीत. मावशीच्या बाबतीत ते एक वाक्य कमी पडलं आणि तुला तिच्या यकृतापर्यंत पोचायला वेळ मिळाला.

तुझा पुढचा हिशेब महिन्याच्या पहिल्या सोमवारी, पीसीव्हीच्या रकान्यात.

मावशीची भाची,
चामराजपेट, बंगळूर